दप्तर, टेबल आणि फेरफाराची वही

जून महिना होता. साल १९८९ च्या आसपासचे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि सोसायटीकडून पीककर्ज घ्यायचे तर सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे जोडणे भाग होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकांच्या सायकलवर बसून आम्ही पटवाऱ्यांच्या खोलीवर गेलो. कायद्यात 'तलाठी' हा शब्द येऊन तेव्हा वीस वर्षे उलटली होती, अलीकडे तर ते पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले आहे. पण यवतमाळकडे लोक पटवारीच म्हणत आणि अजूनही म्हणतात. खोलीत एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि भिंतीलगत लाल कापडात बांधलेले गठ्ठे. पटवाऱ्यांनी आमच्या गावाचा बस्ता सोडला, चाळला आणि सांगितले की हवे ते पुस्तक तपासणीसाठी तहसिलीत गेले आहे, आठ दिवसांनी या. पेरणी आठ दिवस थांबत नाही. काकांनी त्या वर्षी बियाणे उधारीवर आणले आणि त्याचे व्याज दिवाळीनंतर कापूस विकून फेडले.

माहिती नाहीशी झाली नव्हती. ती सुरक्षित होती, शाईने लिहिलेली होती, फक्त त्या क्षणी टेबलावर नव्हती. पुढे संगणकशास्त्रात आमची बरीच वर्षे ज्या प्रश्नात गेली, तो प्रश्न असा आम्हाला नऊ-दहा वर्षांचे असतानाच भेटला होता. मोठी पण संथ जागा आणि लहान पण चपळ जागा अशा दोन जागा असतील, तर कोणती गोष्ट कुठे ठेवायची? आणि काम अर्धवट असताना दिवा गेला, तर लिहिलेले किती खरे मानायचे? डेटाबेस सर्व्हरच्या साठवणुकीचे आणि स्मृतीचे व्यवस्थापन म्हणतात ते या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. प्रश्न मात्र संगणकापेक्षा पुष्कळच जुने आहेत.

थोडे मागे जाऊ. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये आजच्या यवतमाळचा पूर्वज असलेला वणी जिल्हा झाला, आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मधल्या काळात मुंबई इलाख्यात रुळलेल्या पद्धतीने इथल्या शिवारांची मोजणी झाली आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. हा नंबर मालकाला दिलेला नसतो, जमिनीला दिलेला असतो. मालक मरतो, जमीन विकली जाते, गहाण पडते, वाटणीत फुटते. नंबर तसाच राहतो. फुटलाच तर त्याला पोटहिस्से होतात, ४१ चे ४१/१ आणि ४१/२. डेटाबेसच्या भाषेत याला प्राथमिक किल्ली म्हणतात. तिची पहिली अट हीच, की ती बदलणाऱ्या गोष्टींवर अवलंबून नसावी.

पुढच्या शंभर वर्षांत वऱ्हाडावरचे महसुली कायदे अनेकदा बदलले. जुन्या दप्तरात पेरेपत्रक सापडते, मध्य प्रदेशात असतानाच्या १९५४-५५ चा अधिकार अभिलेख सापडतो, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतरचे एकवीस गाव नमुने सापडतात. त्यांपैकी सातवा नमुना सांगतो की जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचा कोणता हक्क. बारावा सांगतो की तिच्यात काय पेरले. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. आठ-अ मध्ये जवळपास तीच माहिती उलट बाजूने असते: एका खातेदाराच्या नावावर कोणकोणते नंबर आहेत. सातबारा जमिनीकडून माणसाकडे जातो, आठ-अ माणसाकडून जमिनीकडे येतो. एकाच वस्तुस्थितीकडे जाण्याच्या या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही ठिकाणी मजकूर हाताने लिहिलेला असल्यामुळे त्या एकमेकींशी जुळत्या ठेवणे हे पटवाऱ्याचे रोजचे ओझे होते.

१९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, आणि वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ते कुठे ठेवले आहे आणि कोणत्या वाटेने आणायचे याची चिंता त्याला नसावी, असे त्याचे म्हणणे होते. रिलेशनल डेटाबेसचा जन्म इथला. त्याआधीच्या पद्धतींत आज्ञावली लिहिणाऱ्याला नोंद कोणत्या कप्प्यात आहे आणि कोणत्या दोरीने पुढच्या नोंदीशी बांधली आहे हे ठाऊक असावे लागे. कॉडच्या कल्पनेने हे ओझे माणसाच्या डोक्यावरून उतरले, पण ते हवेत विरले नाही. ते सर्व्हरच्या डोक्यावर जाऊन बसले. म्हणून साठवण आणि स्मृती यांचा सारा इतिहास १९७० नंतर सर्व्हरच्या पोटात घडतो आणि बाहेरच्याला दिसत नाही.

त्या पोटात काय असते ते आकड्यांनी पाहू. फिरणाऱ्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून एखादा तुकडा शोधून आणायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. मेमरीतून तोच तुकडा घ्यायला सुमारे शंभर नॅनोसेकंद. गुणोत्तर एकास एक लाख. विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्ही सेकंद वापरतो. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर डिस्कवरचा कागद यायला एक लाख सेकंद लागतील, म्हणजे सुमारे अठ्ठावीस तास. उमरखेडच्या टेबलावर नसलेला कागद शंभर किलोमीटरांहून दूर यवतमाळच्या अभिलेख कक्षातून मागवावा आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने यावा, असे ते अंतर आहे. आजच्या चकतीविरहित, चिपवर साठवण करणाऱ्या डिस्कांनी हे गुणोत्तर हजाराच्या घरात आणले आहे. अठ्ठावीस तासांची सतरा मिनिटे झाली. तरी सतरा मिनिटे म्हणजे एक सेकंद नव्हे.

एवढ्या लांबून आणायचेच, तर एक ओळ कोण आणील? पटवारीही एक ओळ मागवत नसे, पुस्तकच मागवी. सर्व्हर तसेच करतो. डिस्क सारख्या आकाराच्या पानांत विभागलेली असते, बऱ्याच सर्व्हरांत हे पान आठ किलोबाइटचे असते, आणि एका नोंदीसाठीही अख्खे पान मेमरीत येते. एका सातबाऱ्याला दोन हजार बाइट लागतात असे धरले, तर एका पानावर चार सातबारे मावतात. एकाच गावचे लागोपाठचे नंबर शेजारशेजारच्या पानांवर ठेवले, तर एका खेपेत बरेच काम होते. जिल्हाभरचे नंबर विस्कटून ठेवले, तर प्रत्येक नंबराला नवी खेप.

मेमरीत पाने ठेवण्याच्या जागेला बफर पूल म्हणतात. हे आपले टेबल. ते भरले की नवीन पान ठेवण्यासाठी जुने एखादे उचलावे लागते. कोणते? इथे आम्हाला सरकारी कचेऱ्यांतली 'सहा गठ्ठे पद्धत' आठवते. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे: प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. अभिलेख कक्षातही अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग दहा वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा, अशी वर्गवारी असते. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याला स्मृतिव्यवस्थापन पक्के कळले होते. कागद किती महत्त्वाचा, यावर त्याचा गठ्ठा ठरत नाही. तो पुन्हा केव्हा लागेल, यावर ठरतो.

१९६६ मध्ये बेलाडी या संशोधकाने हीच गोष्ट गणिताने मांडली. जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार असेल ते काढावे, याहून चांगला नियम असू शकत नाही. अडचण एवढीच की भविष्य कोणाला ठाऊक नसते. म्हणून सर्व्हर भूतकाळावरून अंदाज बांधतो: ज्याला सर्वांत जास्त वेळ कोणी हात लावलेला नाही, ते पान काढा. नियम समंजस वाटतो, पण त्याची एक खोड आहे, आणि ती वर्गात दाखवण्यासारखी आहे. टेबलावर तीनच पुस्तके मावतील असे ठरवा. चार विद्यार्थ्यांना क, ख, ग, घ ही पुस्तके याच क्रमाने पुन्हा पुन्हा मागायला सांगा. जुने पुस्तक काढण्याचा नियम पाळलात, तर एकदाही मागितलेले पुस्तक टेबलावर सापडणार नाही. प्रत्येक वेळी कपाटाकडे चक्कर. उलट सर्वांत ताजे पुस्तक काढण्याचा विचित्र नियम लावलात, तर थोड्याच वेळात तीनपैकी दोन मागण्या टेबलावरच भागतील. मुलांना हे पटत नाही. करून पाहिले की पटते.

ही नुसती करमणूक नाही. जूनमध्ये कर्जासाठी शेतकऱ्यांची रांग लागली आहे आणि नेमक्या त्याच वेळी वरून कोणी 'जिल्ह्यातल्या पाच एकरांवरील ओलिताच्या सर्व जमिनींची यादी द्या' असे मागितले, की सर्व्हर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे चाळतो. एकदाच लागणारी ही लाखो पाने टेबलावर येतात आणि रोज लागणारी पाने खाली ढकलतात. यादी तयार होते आणि रांग थांबते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्येच लिहिले होते की संगणकाच्या सर्वसाधारण कार्यप्रणालीला हा फरक कळत नाही, तेव्हा टेबलाची व्यवस्था डेटाबेसने स्वतःच्या हाती घ्यावी. १९९३ मध्ये ओनील आणि सहकाऱ्यांनी सुचवले की पानाला शेवटचा हात केव्हा लागला एवढेच पाहू नये, त्याआधीचा केव्हा लागला तेही पाहावे. एकदाच आलेला पाहुणा आणि रोज येणारा शेजारी यांतला फरक यामुळे कळतो. आजच्या बहुतेक सर्व्हरांत या विचाराचे काही ना काही रूप असते.

मग टेबल केवढे असावे? जिम ग्रे आणि पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये याचे उत्तर चक्क त्रैराशिकाने काढले. त्या वेळच्या भावाने डिस्कवरून दर सेकंदाला एक खेप करू शकणाऱ्या यंत्रणेचा खर्च सुमारे २००० डॉलर पडत होता, आणि एक किलोबाइट मेमरीचा ५ डॉलर. २००० भागिले ५ म्हणजे ४००. जी एक किलोबाइटची नोंद ४०० सेकंदांत एकदा तरी लागते, ती मेमरीत ठेवणे स्वस्त; त्याहून क्वचित लागते, ती डिस्कवरच बरी. ४०० सेकंदांना त्यांनी ढोबळमानाने पाच मिनिटे म्हटले आणि 'पाच मिनिटांचा नियम' रूढ झाला. भाव बदलले, पानांचे आकार बदलले, मिनिटेही बदलली. भागाकार तोच राहिला.

आता हा नियम आमच्या काकांच्या सातबाऱ्याला लावून पाहा. तो वर्षातून फार तर दोनदा लागतो. नियमाप्रमाणे त्याने मेमरीत जागा अडवण्याचे काहीच कारण नाही! मग टेबलावर ठेवायचे तरी काय? उत्तर आहे, अनुक्रमणिका. बायर आणि मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बी-ट्री नावाची रचना शोधली. तिच्यात अनुक्रमणिकेलाही अनुक्रमणिका असते. वरच्या एका पानावर तीनशे खुणा, प्रत्येक खूण खालच्या एका पानाकडे नेणारी, त्या पानावर पुन्हा तीनशे. तीन पायऱ्यांत ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदी आवाक्यात येतात. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. म्हणजे राज्यातला कोणताही सातबारा तीन पायऱ्यांवर. वरच्या दोन पायऱ्यांची पाने अवघी तीनशे एक, म्हणजे अडीच मेगाबाइटसुद्धा नाहीत. प्रत्येक मागणी त्यांच्यावरून जाते, म्हणून ती आपोआप टेबलावर टिकून राहतात. पान भरले की ते मधोमध फुटते आणि दोन अर्धी पाने होतात. पोटहिस्से पडत गेलेल्या शिवाराचे चित्र पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आम्ही ज्या संस्थेत काम करतो तिथे एकदा सर्व्हर मंदावला. मेमरी पंचाण्णव टक्के भरलेली दिसत होती, म्हणून आम्ही मेमरी दुप्पट करून घेतली. दुसऱ्या दिवशी तीही पंचाण्णव टक्के भरली आणि मंदपणा होता तसाच. डेटाबेस सर्व्हर दिलेली मेमरी भरतोच, मोकळे टेबल त्याला वाया गेलेले वाटते, आणि त्यात त्याचे चुकत नाही. दोष आमच्या एका तक्त्याला अनुक्रमणिका नव्हती यात होता. ती बांधायला चार मिनिटे लागली. मेमरीचे पैसे परत मिळाले नाहीत.

आता दुसरा प्रश्न, अर्धवट कामाचा. आमच्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, आणि तो महसूल खात्याच्या दप्तरात आधीपासून होता.

जमीन विकली गेली म्हणून पटवारी सातबाऱ्यावरचे नाव खोडून नवे लिहीत नाही. आधी तो गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, पुढचा अनुक्रमांक घालून बदलाची नोंद करतो. संबंधितांना नोटीस जाते, एक प्रत चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. दरम्यान सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलने लिहिलेला असतो. हरकत आली, तर वादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत नोंद. मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर शाईने त्याचा 'अंमल' दिला जातो आणि जुन्या नावाला कंस होतो. फेरफार नामंजूर झाला, तर पेन्सिल पुसली जाते. समजा मध्येच पटवाऱ्याची बदली झाली. नवा माणूस येतो, फेरफाराची वही उघडतो. प्रमाणित झालेले पण अंमल न दिलेले फेरफार दिसले, तर त्यांचा अंमल देतो. नामंजूर होऊनही पेन्सिल राहिली असेल, तर ती पुसतो. वही शाबूत असली की सातबारे पुन्हा खरे करता येतात.

डेटाबेसमध्ये याला आधी-नोंदवही पद्धत म्हणता येईल. नियम एका ओळीचा आहे: डिस्कवरचे पान बदलण्याआधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये, म्हणजे क्रमवार वहीत, पक्की लिहिली गेलीच पाहिजे. वीज गेली आणि मेमरीतले सगळे पुसले गेले, तरी सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो. पक्क्या झालेल्या व्यवहारांचा अंमल देतो, अपुऱ्या व्यवहारांचे ठसे पुसतो. हा विचार १९७० च्या दशकात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून आकाराला आला. ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्याला सर्वांगपूर्ण रूप देणारा, एरीज या नावाने ओळखला जाणारा निबंध १९९२ चा आहे, आणि त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. जगातले कितीतरी सर्व्हर आजही त्या निबंधाच्या वाटेने चालतात.

या पद्धतीचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. बदललेली पाने लगेच डिस्कवर लिहिण्याची घाई राहत नाही. ती डिस्कवर कुठे कुठे विखुरलेली असतात, आणि प्रत्येक जागी चक्कर म्हणजे आपल्या हिशेबाने अठ्ठावीस तास. लॉग मात्र एकापुढे एक ओळी लिहीत जातो, चक्कर नाही. म्हणून सर्व्हर लॉग ताबडतोब लिहितो आणि पाने सवडीने. पटवारीही फेरफार त्याच दिवशी चढवी, आणि अंमलाची कामे एकत्र बसून उरकी.

कंसाचेही तसेच. सातबाऱ्यावरचे जुने नाव नाहीसे केले जात नाही, फक्त ते आता लागू नाही अशी खूण होते. वर्षे जातात, कागदावर कंसच कंस होतात आणि जागा संपते, म्हणून दर दहा वर्षांनी सातबाऱ्यांचे पुनर्लेखन करून चालू नोंदी तेवढ्या नव्या पुस्तकात उतरवल्या जात. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये बदललेल्या ओळीची जुनी आवृत्ती अशीच खूण करून मागे ठेवतात आणि नंतर झाडलोट करून ती जागा मोकळी करतात. झाडलोट वेळेवर झाली नाही, तर तक्ता फुगतो. त्यातली निम्मी जागा मेलेल्या ओळींची असते.

उपमा एका जागी तुटते, आणि तिथेच आमचीही फजिती झाली होती. फेरफाराची वही कायम जपायची असते. डेटाबेसचा लॉग तसा नसतो. त्यातल्या बदलांचा अंमल झाला आणि लॉगची प्रत सुरक्षित ठिकाणी गेली, की त्याची जागा पुन्हा वापरायची असते. आमच्या एका सर्व्हरवर लॉगची प्रत घेण्याचे काम कोणाकडे आहे याबद्दल प्रत्येकाची समजूत अशी होती, की ते दुसऱ्याकडे आहे. लॉग वाढत गेला, त्याची डिस्क भरली आणि एका सकाळी सर्व्हरने नवीन नोंद घ्यायला नकार दिला. माहितीची डिस्क तीनचतुर्थांश रिकामी होती. तरीही नकार योग्यच होता, कारण वहीत जागा नसताना सातबारा बदलायचा नाही, हा नियम आहे.

आता यवतमाळकडे परत येऊ. ज्या सुमारास काका पटवाऱ्यांच्या खोलीवरून रिकाम्या हाताने परतले, त्याच सुमारास, १९८८-८९ मध्ये, केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीचा पलीकडचा काठ. १९५६ च्या रॅमॅक या पहिल्या डिस्क-यंत्रात पन्नास चकत्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच हजार सातबारे. तीस वर्षांनी पीसीमध्ये चाळीस मेगाबाइटची डिस्क सर्रास मिळू लागली होती. पण पन्नास हजार सातबाऱ्यांचा तालुका धरला, तर शंभर मेगाबाइट लागतात. डॉस प्रणालीची मेमरी ६४० किलोबाइट. आज्ञावलीला काहीच जागा लागत नाही असे मानले, तरी त्या टेबलावर एका वेळी सव्वातीनशे सातबारे.

शिवाय अक्षरे देवनागरी. १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे एका खुणेला एक बाइट लागे. य, व, त, म, काना, ळ मिळून 'यवतमाळ' सहा बाइटचे. पुढे जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोड आला, आणि तेच नाव त्याच्या एका प्रकारात बारा, तर दुसऱ्या प्रकारात अठरा बाइटचे झाले. डिस्क त्याहून कितीतरी पटींनी स्वस्त झाल्यामुळे कोणाला ते जाणवले नाही.

खरी अडचण जागेची ठरली नाही. सुरुवातीच्या संगणकीकरणात सातबारे टंकून संगणकात आले. फेरफाराची वही मात्र हातानेच लिहिली जात राहिली. हाताचा सातबारा आणि संगणकाचा सातबारा असे दोन अभिलेख झाले आणि त्यांना एकत्र बांधणारा क्रम एकाच ठिकाणी राहिला. एका प्रतीवर अंमल झाला, दुसरीवर राहून गेला. टंकताना आणे-पैचे क्षेत्र हुकले, नावातला अनुस्वार उडाला, पोटहिस्सा गळला. लॉगशिवाय पाने नेल्यावर जे व्हायचे ते झाले. कर्ज मागायला गेलेल्याच्या हातातल्या उताऱ्यावर क्षेत्र कमी दिसले, तर बँक कमी क्षेत्रावर कर्ज देते. विधवेचे नाव चढायचे राहिले, तर तिला देतच नाही.

दुरुस्ती झाली तीही दप्तराच्याच रीतीने. ई-फेरफार या प्रणालीत वहीच संगणकात आली: फेरफार तिथेच नोंदवायचा, तिथेच प्रमाणित करायचा, आणि त्यातूनच सातबारा बदलायचा. प्रणालीला सातबाऱ्याचे नाव न देता फेरफाराचे दिले, हे आम्हाला फार योग्य वाटते. त्याआधी हाताचे आणि संगणकाचे अभिलेख जुळवून घेणे भाग होते. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. छापलेले सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे आणि चूक असेल ती त्यांनी सांगायची. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले.

आमच्या गावच्या वाचनाला काका गेले होते. ऐंशी ओलांडलेली, कानाने कमी ऐकू येणारे, म्हणून चुलतभावाने त्यांच्या कानाशी वाकून आमच्या नंबराचे क्षेत्र पुन्हा सांगितले. क्षेत्र बरोबर होते. नावात एक काना जास्त पडला होता, तो त्यांनी दुरुस्त करून घेतला. परवा तो उतारा आम्ही मोबाइलवर उघडला तेव्हा आठ सेकंद लागले. उताऱ्याच्या खालच्या भागात एक चौकट असते, 'जुने फेरफार क्र.' म्हणून. तिच्यात कंसांत आकडे ओळीने मांडलेले आहेत. त्यांतला एक आजोबांच्या पश्चात काकांचे आणि आमच्या वडिलांचे नाव चढले त्याचा आहे. तो फेरफार वाचायचा असेल, तर अजून लाल कापड सोडावे लागते.